ईव्हनिंग स्टार : वाफेच्या युगाचा सांजतारा

१८ मार्च १९६० रोजी इंग्लंडमधील स्विंडन या गावी रेल्वेच्या कारखान्यात एक छोटासा समारंभ झाला. एक नवे कोरे वाफेचे एंजिन मंडळींसमोर उभे होते. त्याचा रंग गर्द हिरवा होता, त्यावर नारिंगी आणि काळ्या रेघा ओढलेल्या होत्या आणि धुराड्याच्या तोंडाला तांब्याची झळझळीत कड बसवलेली होती. ब्रिटिश वाहतूक आयोगाचे एक सदस्य कीथ ग्रँड यांनी पडदा दूर सारला आणि एंजिनाच्या बाजूवर त्याचे नाव प्रकट झाले : 'ईव्हनिंग स्टार', म्हणजे सांजतारा. नावाच्या खाली एक लहानशी पाटी होती. हे एंजिन क्रमांक ९२२२० ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले अखेरचे वाफेचे एंजिन होय, असे तिच्यावर कोरलेले होते.

यंत्राच्या जन्मदिवशीच त्याच्या घराण्याची समाप्ती जाहीर व्हावी, असे प्रसंग यंत्रांच्या इतिहासात थोडेच. त्यातही हे एंजिन मालगाडीचे होते. कोळसा, लोखंडाचा कच्चा धातू आणि तेल यांच्या गाड्या ओढण्यासाठी जन्मलेली त्याची भावंडे सारी काळ्या रंगाची आणि बिननावाची होती. ब्रिटिश रेल्वेने या जातीच्या एकाही दुसऱ्या एंजिनाला नाव दिले नाही की हिरवा रंग दिला नाही. हमालाच्या घरातील धाकट्या मुलाला एकदम राजवस्त्रे चढवावीत, तसे हे झाले. असे का झाले आणि पुढे त्या एंजिनाचे आणि त्याच्या भावंडांचे काय झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

स्विंडनचा कारखाना ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीचा. लंडनहून पश्चिमेकडे ब्रिस्टलपर्यंत लोहमार्ग टाकण्याचे काम इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल या विख्यात अभियंत्याने केले आणि डॅनिएल गूच या तरुणाने त्याची एंजिने सांभाळली. १८४३ मध्ये स्विंडनचा कारखाना सुरू झाला. त्याआधी तेथे टेकडीवरचे एक जुने बाजारगाव तेवढे होते. कारखान्याने त्याच्या पायथ्याशी नवे नगर उभे केले. भरभराटीच्या काळात तेथे चौदा हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. बाप ओतशाळेत, थोरला मुलगा बॉयलरच्या शाळेत आणि धाकटा उमेदवारीवर, अशी कुटुंबेच्या कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राबली.

या कंपनीचे पहिले नामांकित एंजिन म्हणजे 'नॉर्थ स्टार', ध्रुवतारा. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यातून ते १८३७ मध्ये आले आणि १८३८ मध्ये कंपनीच्या संचालकांची पहिली गाडी त्यानेच ओढली. त्यानंतर ग्रेट वेस्टर्नच्या एंजिनांना ताऱ्यांची नावे देण्याचा प्रघातच पडला. म्हणून १९६० मध्ये अखेरच्या एंजिनाला नाव सुचवण्यासाठी रेल्वेच्या पश्चिम विभागातील नोकरवर्गात जेव्हा स्पर्धा घेण्यात आली, तेव्हा एकाहून अधिक जणांनी 'ईव्हनिंग स्टार' हेच नाव सुचवले. ध्रुवताऱ्यापासून सुरू झालेली परंपरा सांजताऱ्यापाशी मावळावी, हा अर्थ त्या माणसांना कोणी शिकवावा लागला नव्हता.

पण परंपरेच्या या गोष्टीला एक दुखरी बाजूही आहे. ते मूळचे 'नॉर्थ स्टार' एंजिन कामातून निवृत्त झाल्यावर स्विंडनच्या कारखान्यात स्मृती म्हणून कित्येक वर्षे जपून ठेवलेले होते. १९०६ मध्ये ते मोडीत काढण्यात आले. जागेची अडचण हे कारण, आणि हुकूम देणारे अधिकारी जॉर्ज चर्चवर्ड हे स्वतः इंग्लंडमधील थोर एंजिन-रचनाकारांपैकी एक! पुढे १९२५ मध्ये रेल्वेच्या शताब्दीचा उत्सव आला, तेव्हा कंपनीला आपल्या पहिल्या ताऱ्याची आठवण झाली. मग इकडून तिकडून उरलेले काही मूळ भाग गोळा करून त्याची प्रतिकृती उभारावी लागली. आज स्विंडनच्या संग्रहालयात दिसते ती ही प्रतिकृती. एकदा जपलेली वस्तूही हातची जाऊ शकते, हा धडा स्विंडनने असा स्वतःच्या हातांनी शिकून घेतला होता.

आता 'ईव्हनिंग स्टार' ज्या घराण्यातले, त्या घराण्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनच्या रेल्वे कंपन्या पार थकवून टाकल्या होत्या. १ जानेवारी १९४८ रोजी त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि सरकारच्या पदरात वीस हजारांवर वाफेची एंजिने पडली. ती शेकडो निरनिराळ्या नमुन्यांची होती आणि त्यांतील पुष्कळ म्हातारी झालेली होती. ही खिचडी निस्तरण्याचे काम रॉबर्ट रिडल्स यांच्याकडे आले. १८९२ मध्ये जन्मलेले रिडल्स क्रू येथील कारखान्यात उमेदवारी करून वर चढलेले गृहस्थ. युद्धकाळात सरकारच्या पुरवठा खात्यासाठी त्यांनी कमी खर्चाची, झटपट बांधता येणारी आणि खडबडीत कामाला न डगमगणारी मालवाहू एंजिने तयार करवली होती. कमी सामानात जास्त काम कसे काढावे, हे युद्धाने त्यांना शिकवले होते.

रिडल्स यांच्यासमोरचा प्रश्न सोपा नव्हता. अमेरिकेत डिझेलची एंजिने झपाट्याने वाफेची जागा घेत होती. युरोपात विजेवरच्या गाड्या वाढत होत्या. मग ब्रिटनने नवी वाफेची एंजिने का बांधावीत? रिडल्स यांचा हिशेब असा होता की, शेवटी मार्ग विजेचाच आहे. परंतु सर्व मार्गांवर तारा ओढायला पैसा आणि वेळ लागेल. तोपर्यंत डिझेलवर खर्च करणे म्हणजे परदेशातून तेल आणणे. कोळसा मात्र घरचा आहे आणि एक पौंड खर्चून मिळणारी ओढ वाफेच्या एंजिनात सर्वांत अधिक आहे. म्हणून मधला काळ वाफेवर काढावा आणि मग एकदम विजेकडे जावे. या हिशेबाने बारा प्रमाणित नमुने ठरले आणि १९५१ पासून १९६० पर्यंत एकंदर ९९९ एंजिने बांधण्यात आली. त्यांपैकी सर्वांत शेवटचा आणि जाणकारांच्या मते सर्वांत यशस्वी नमुना म्हणजे मालगाडीचे '९ एफ' एंजिन.

या एंजिनाची घडण समजून घेण्यासारखी आहे. मालगाडी ओढायची तर रुळावर चाकांची पकड घट्ट हवी. पकड मिळते ती चाकांवर पडणाऱ्या वजनामुळे. पण थोड्या चाकांवर सारे वजन घातले तर रूळ आणि पूल सोसत नाहीत. म्हणून वजन अनेक चाकांवर वाटून द्यायचे आणि ती सर्व चाके दांड्यांनी एकमेकांना जोडून एकत्र फिरवायची. '९ एफ'मध्ये अशी दहा जोडचाके आहेत आणि पुढे आधाराची दोन लहान चाके. एंजिनाचे स्वतःचे वजन सुमारे ८७ टन. तरीही एका आसावर साडेपंधरा टनांहून अधिक भार येत नाही. त्यामुळे ज्या मार्गांवर तेवढ्याच ताकदीची दुसरी एंजिने जाऊ शकत नव्हती, तेथेही ते सुखाने जाऊ शके.

परंतु दहा चाकांची लांबलचक रांग वळणावर अडकते. यावर उपाय म्हणून मधल्या जोडीच्या चाकांना कडच ठेवली नाही. चाकाची आतली कड रुळाला धरून ठेवते हे खरे, पण मधल्या चाकांना ती नसल्याने वळणावर ती रुळाच्या माथ्यावर थोडी सरकतात आणि एवढे लांब एंजिन वाकड्या मार्गावरूनही निमूटपणे जाते. चाकांचा व्यास पाच फूट. त्यांच्यावर रुंद भट्टी बसवायची म्हणून बॉयलर उंच चढवावा लागला. त्यामुळे चाके आणि बॉयलर यांच्यामधून आरपार उजेड दिसतो आणि एवढे अवजड यंत्र लांब तंगड्यांच्या प्राण्यासारखे वाटते. भट्टीच्या जाळीचे क्षेत्रफळ चाळीस चौरस फूट, वाफेचा दाब चौरस इंचाला २५० पौंड. तेव्हाच्या खाणींतून येणारा हलका, धुळीचा कोळसाही अशा भट्टीत जळू शके. राखेसाठी हालणारी जाळी आणि आपोआप साफ होणारी धुराची पेटी या सोयी मुद्दाम केलेल्या होत्या. कारण युद्धानंतर लोकोशेडमधल्या त्या काळ्या, अंग भाजणाऱ्या कामाला माणसे मिळेनाशी झाली होती.

पहिले '९ एफ' जानेवारी १९५४ मध्ये क्रू येथून बाहेर पडले. एकंदर २५१ एंजिने झाली. त्यांतली १९८ क्रूची आणि ५३ स्विंडनची. त्यांचा पराक्रम मालगाड्यांतच पाहावा. नॉटिंगहॅमच्या खाणींतला कोळसा ॲन्स्ली येथून दक्षिणेस वुडफर्डपर्यंत ती अशा वेगाने नेत की, रेल्वेच्या माणसांनी त्या गाड्यांना वारा कापणाऱ्या गाड्या असे टोपणनाव दिले. वेल्समध्ये न्यूपोर्टच्या बंदरातून एब व्हेलच्या पोलाद-कारखान्याकडे कच्चा धातू चढवून नेण्याचे काम त्यांनीच केले. इंग्लंडच्या ईशान्येस टाइन डॉकच्या धक्क्यापासून कॉन्सेटच्या पोलाद-कारखान्यापर्यंतची वाट तर फारच बिकट. तेथे काही ठिकाणी पस्तीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. धातूने भरलेल्या गाडीला पुढे एक आणि मागे एक अशी दोन '९ एफ' एंजिने लावून ती चढण चढावी लागे. डोंगराच्या कडेने दोन धुराड्यांचा धपधप आवाज जाऊ लागला की, खालच्या वस्तीला गाडी कोठवर पोहोचली ते कळत असे. १९६६ पर्यंत हे काम वाफेवर चालले. कॉन्सेटचा तो कारखानाही १९८० मध्ये बंद झाला.

मालगाडीसाठी बांधलेल्या या एंजिनांनी आणखी एक चमत्कार करून दाखवला. गर्दीच्या दिवसांत एंजिने कमी पडली की, ती कधी कधी उतारूंच्या गाड्यांना जोडली जात. १९५८ मध्ये त्यांतल्या एकाने ताशी ९० मैलांचा वेग गाठल्याची नोंद झाली. पाच फुटी चाकाने हा वेग गाठायचा म्हणजे ते चाक सेकंदाला आठ वेळांहून अधिक फिरले पाहिजे. एवढ्या वेगाने दट्ट्ये आणि दांडे मागेपुढे हलू लागले म्हणजे यंत्राच्या पोटात काय चालत असेल याची कल्पना केलेली बरी. वरिष्ठांनी पुढे अशा धावांना मनाई केली, यात नवल नाही.

एंजिन इतके चांगले उतरले असताना त्याचे बांधकाम थांबले का? याचे उत्तर जानेवारी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आधुनिकीकरणाच्या योजनेत आहे. १,२४० दशलक्ष पौंडांची ही योजना होती आणि तिने वाफेला निरोप देण्याचे निश्चित केले. रिडल्स १९५३ मध्येच निवृत्त झाले होते. प्रारंभी निरनिराळ्या कारखानदारांकडून १७४ डिझेल एंजिने घ्यावीत, तीन वर्षे ती पारखावीत आणि मग मोठी मागणी नोंदवावी, असा शहाणपणाचा बेत होता. परंतु रेल्वेचा तोटा वाढत चालला होता आणि अधिकाऱ्यांना घाई झाली होती. पारख पुरी होण्याआधीच मोठमोठ्या मागण्या गेल्या. त्यांतल्या कित्येक नमुन्यांची डिझेल एंजिने नादुरुस्तीने गाजली आणि दहा वर्षेही न टिकता मोडीत निघाली. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी ही एकेकाळची जगद्विख्यात एंजिन-कंपनी या नव्या धंद्यात १९६२ मध्ये बुडाली.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाफेचे एंजिन पेटवून तयार करायला तासन्‌तास लागत. राख काढणे, नळ्या साफ करणे, पाणी भरणे, कोळसा चढवणे यांत माणसांचे श्रम आणि दिवस जात. शहरांतील धुराविरुद्ध १९५६ मध्ये कायदा झाला होता. कोळसा महाग आणि निकृष्ट होत चालला होता, आणि ज्याला दुसरी नोकरी मिळे तो तरुण फायरमनचे फावडे हाती घ्यायला तयार नसे. तेव्हा वाफ जाणे अटळ होते. प्रश्न एवढाच होता की ती कशी जावी. रिडल्स यांनी तिला हळूहळू, कामातून निवृत्त होणाऱ्या माणसासारखे जाऊ द्यायचे ठरवले होते. पुढच्यांनी तिला घाईने घराबाहेर काढले. चाळीस वर्षे चालतील अशा हिशेबाने घडवलेली एंजिने पाच-दहा वर्षांत भंगारात गेली. राष्ट्राचा पैसा दोन्हीकडून खर्च झाला : चांगली जुनी एंजिने मोडण्यात आणि कच्ची नवी एंजिने विकत घेण्यात.

या घाईच्या ऐन मध्यावर 'ईव्हनिंग स्टार' स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले. क्रूच्या कारखान्याने आपले अखेरचे '९ एफ' डिसेंबर १९५८ मध्ये पुरे केले होते, म्हणून शेवटचे एंजिन बांधण्याचा मान स्विंडनला मिळाला. स्विंडनच्या माणसांनी त्याला ग्रेट वेस्टर्नचा जुना हिरवा रंग दिला आणि तांब्याच्या कडेचे धुराडे दिले. मालगाडीच्या एंजिनाला हा थाट नियमात बसणारा नव्हता. पण जेथे शतकाहून अधिक काळ एंजिने घडली, तेथल्या कारागिरांना आपली अखेरची कृती काळ्या रंगात, क्रमांकापुरती बाहेर पाठवावीशी वाटली नाही. तिचे काम नेहमीच्याच प्रतीचे होते; रंग तेवढा निरोपाचा होता.

नवे एंजिन काही शोभेसाठी उभे राहिले नाही. १९६० च्या उन्हाळ्यात दक्षिण वेल्सहून लंडनला जाणारी 'रेड ड्रॅगन' ही वेगवान उतारूगाडी त्याने अनेकदा ओढली आणि वेळेवर पोहोचवली. मालगाडीच्या एंजिनाने असल्या गाड्यांचा हात धरावा हे वरिष्ठांना रुचले नाही आणि ते बंद झाले. मग ते वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधील आपल्या नेमून दिलेल्या कामाला लागले.

त्याच्या आयुष्यातला सर्वांत लक्षात राहणारा दिवस आला तो १९६२ मध्ये. बाथपासून समुद्रकाठच्या बोर्नमथकडे जाणारा सॉमरसेट अँड डॉर्सेट हा मार्ग मेंडिप टेकड्यांवरून जातो. तेथे पन्नास फुटांना एक फूट असे लांबच लांब चढ आहेत आणि मार्गाचा माथा समुद्रसपाटीपासून ८११ फूट उंच आहे. सुट्टीच्या दिवसांत उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांतून समुद्रावर जाणाऱ्या कुटुंबांनी भरलेल्या गाड्या या चढावर धापा टाकीत आणि बहुतेकांना दोन दोन एंजिने लावावी लागत. १९६० पासून उन्हाळ्यात '९ एफ' एंजिने या मार्गावर येऊ लागली आणि दुसऱ्या एंजिनाची गरज कितीतरी कमी झाली. मात्र डबे गरम ठेवण्यासाठी वाफ पुरवण्याची सोय या मालवाहू एंजिनांत नव्हती, म्हणून थंडी पडू लागली की त्यांना परत धाडावे लागे.

या मार्गावरची मानाची गाडी म्हणजे मँचेस्टर आणि बोर्नमथ यांच्यामध्ये धावणारी 'पाइन्स एक्स्प्रेस'. ती दुसऱ्या मार्गाने वळवण्याचे ठरले आणि ८ सप्टेंबर १९६२ हा या वाटेवरचा तिचा अखेरचा दिवस ठरला. त्या दिवशी तिला 'ईव्हनिंग स्टार' जोडलेले होते. बारा डबे, चारशे टनांहून अधिक वजन, आणि सोबतीला दुसरे एंजिन नाही. मेंडिपचे दोन्ही बाजूंचे चढ त्याने एकट्याने पार केले. स्थानकांवर आणि पुलांवर माणसे ती गाडी पाहायला उभी होती. पुढे मार्च १९६६ मध्ये तो सगळा मार्गच बंद झाला. अखेरचे एंजिन एका मार्गाच्या अखेरच्या मोठ्या गाडीला लागले, ही योजना रेल्वेच्या माणसांनी जाणूनबुजून केलेली होती. पण चढ मात्र खरा होता आणि वजनही खरे होते.

मार्च १९६५ मध्ये कार्डिफ येथे 'ईव्हनिंग स्टार' सेवेतून काढण्यात आले. त्याचे वय पुरते पाच वर्षांचे. इतर कोणतेही एंजिन या टप्प्यावर भंगारवाल्याकडे गेले असते. पण ते अखेरचे आहे म्हणून जन्मापासूनच जतनासाठी राखून ठेवलेले होते. त्याची दुरुस्ती झाली आणि ते राष्ट्रीय संग्रहात दाखल झाले. १९७५ मध्ये यॉर्क येथे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले, तेव्हापासून तेच त्याचे घर. ते केवळ दालनात उभे राहिले असे नव्हे. १९८० च्या दशकातही त्याने मुख्य मार्गांवर उतारूंच्या खास गाड्या ओढल्या. संग्रहालयात त्याने घालवलेली वर्षे आता त्याच्या नोकरीच्या कितीतरी पट झाली आहेत.

येथे एक प्रश्न उभा राहतो. 'ईव्हनिंग स्टार' पाहून मालवाहू एंजिनाचा खरा इतिहास कळतो काय? त्याचा हिरवा रंग, तांब्याची कड, पितळी नाव हे सारे मालगाडीच्या जीवनात नव्हते. कॉन्सेटचा चढ चढणारी, न्यूपोर्टच्या धक्क्यावर धातूच्या लाल धुळीने माखणारी एंजिने काळी होती, आणि त्यांना कोणी जपण्यासाठी राखून ठेवले नव्हते. १९६४ पासून ती धडाधड मोडीत निघू लागली आणि जून १९६८ मध्ये शेवटची तीन सेवेतून गेली. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेने प्रमाण रुंदीच्या मार्गांवरील वाफेच्या गाड्यांची अखेरची खास फेरी काढली आणि तो अध्याय संपला.

तरीही त्या काळ्या भावंडांपैकी आठ आज शिल्लक आहेत, ती कशी? एक एंजिन, क्रमांक ९२२०३, वन्यप्राण्यांची चित्रे काढणारे प्रसिद्ध चित्रकार डेव्हिड शेपर्ड यांनी १९६७ मध्ये चित्रांच्या कमाईतून रेल्वेकडून थेट विकत घेतले. सप्टेंबर १९८२ मध्ये सॉमरसेटमधील एका दगडाच्या खाणीवर त्या एंजिनाने २,१७८ टनांची गाडी जागची हलवली. ब्रिटनमध्ये वाफेच्या एंजिनाने ओढलेली ती सर्वांत जड गाडी. उरलेली सात वेल्समधील बॅरी येथील एका भंगार-व्यापाऱ्याच्या आवारातून आली. डाय वुडम या व्यापाऱ्याने शेकडो एंजिने तोडण्यासाठी विकत घेतली होती. पण मालाचे जुने डबे तोडणे सोपे आणि फायद्याचे होते, म्हणून त्याने आधी तेच काम हाती घेतले आणि एंजिने तशीच समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. दरम्यान हौशी मंडळी जागी झाली. कोणी पगारातून बाजूला काढले, कोणी वर्गणी गोळा केली आणि एकेक करून २१३ एंजिने तेथून सोडवली गेली. सुट्टीच्या दिवशी येऊन, हात काळे करून, निवृत्त कामगारांकडून विद्या शिकून या लोकांनी त्यांतली पुष्कळ पुन्हा चालती केली.

म्हणजे एका एंजिनाला शासनाने जपले, कारण ते अखेरचे होते. आणि आठांना माणसांनी जपले, कारण ती त्यांना सोडवेनात. इतिहासाला दोन्हींची गरज आहे. केवळ समारंभाचे एंजिन राहिले असते तर पुढच्या पिढीला वाटले असते की, मालगाडी ओढणे हे हिरव्या रंगाचे आणि पितळी नावाचे काम होते. केवळ काळी एंजिने राहिली असती, तर ज्या कारागिरांनी आपला धंदा संपत असताना शेवटच्या कृतीत हात आखडता घेतला नाही, त्यांचे मन कोणास कळले नसते. स्विंडनचा तो कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्याच्याच एका इमारतीत २००० मध्ये संग्रहालय उघडले आणि सांजतारा काही काळ तेथे, आपल्या जन्मस्थानी, पाहुणा म्हणून येऊन राहिला.

आपल्या देशाशीही या गोष्टीचा एक धागा जुळतो. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे मार्गावर पहिली गाडी धावली ती ब्रिटनहून आणलेल्या एंजिनांनी. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये पश्चिम बंगालमधील चित्तरंजन येथे आपला स्वतःचा कारखाना सुरू झाला आणि तेथून बाहेर पडलेले पहिले एंजिन मालगाडीचेच, 'डब्ल्यू. जी.' जातीचे होते. त्याचे नाव 'देशबंधू'. वीस वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच जातीचे रुंदमापी मार्गाचे शेवटचे वाफेचे एंजिन तेथे तयार झाले. त्याला नाव देण्यात आले 'अंतिम सितारा'. मात्र रिडल्स यांचा हिशेब, कोळसा घरचा आणि तेल परके, हा भारतात अधिक काळ खरा ठरला. येथे वाफेला घाईने घालवले गेले नाही. रुंदमापी मार्गांवरील नित्याची वाफेची गाडी १९९५ पर्यंत धावत राहिली आणि एंजिने आपले आयुष्य पुरे करून थांबली.

आपल्याकडेही अनेक स्थानकांसमोर जुनी एंजिने चौथऱ्यांवर उभी केलेली दिसतात. मुले त्यांच्यावर चढतात, प्रवासी त्यांच्या सावलीत टेकतात. त्या एंजिनाने कोणत्या घाटात कोणता माल ओढला, त्याची भट्टी कोणी पेटवली, ते कोणत्या साली थांबले, हे बहुतेक ठिकाणी कोणी लिहून ठेवलेले नसते. लोखंड जपणे तुलनेने सोपे असते. त्याला रंग दिला की झाले. त्याच्याबरोबर राबलेल्या माणसांची आठवण मात्र ती माणसे हयात आहेत तोवरच टिपून घेता येते. ध्रुवतारा एकदा मोडला गेला, म्हणून स्विंडनच्या लोकांनी सांजतारा जपला. ज्या गावात एखादे जुने एंजिन चौथऱ्यावर उभे आहे, त्या गावाने त्याचा क्रमांक, त्याचे साल आणि त्याच्यावर काम केलेल्यांची नावे एका पाटीवर लिहून ठेवली, तरी पुष्कळ काम झाले असे म्हणता येईल.